एक्याऐंशी नावांचे वर्तुळ : भेडाघाटच्या योगिनीमंदिराचे साहित्यिक वाचन

१

प्राचीन मंदिराचा विचार करताना त्याच्याशी संबंधित शिलालेख आधी वाचावा, त्यातून दाता, काळ आणि देवता निश्चित करावी व मग त्या आधारे वास्तूचा अर्थ लावावा, ही आपल्याकडील संशोधनाची रूढ पद्धत आहे. ती बहुधा फलदायीही ठरते. परंतु जेथे शिलालेख एका देवतेविषयी बोलतो आणि वास्तू दुसऱ्याच देवतासमूहाची साक्ष देते, तेथे या पद्धतीच्या मर्यादा उघड होतात. जबलपूरनजीक भेडाघाट येथील चौसष्ट योगिनींचे मंदिर हे अशा विसंगतीचे ठळक उदाहरण होय.

या स्थळाशी तीन प्रकारचे लेखन निगडित आहे. त्रिपुरीच्या कलचुरी राणीने इसवी सन ११५५ मध्ये कोरविलेली संस्कृत प्रशस्ती हे त्यांपैकी पहिले. त्याच राजघराण्याच्या आश्रयाला दहाव्या शतकात आलेल्या राजशेखराचे नाट्य व काव्यशास्त्र हे दुसरे. योगिनींच्या मूर्तींखाली, त्यांच्या बैठकींवर कोरलेली एकेका शब्दाची नावे हे तिसरे. पहिल्या दोहोंना वाङ्मयेतिहासात स्थान मिळाले. तिसऱ्याची गणना मूर्तिशास्त्राच्या परिशिष्टात झाली. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे, की भेडाघाटच्या वास्तूचा अर्थ मुख्यतः या तिसऱ्या लेखनात आहे, आणि त्याला 'लेखन' म्हणून मान्यता दिली तरच पहिल्या दोहोंचे मौनही ऐकू येते.

२

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर हे गाव लागते. हेच कलचुरींची राजधानी असलेली त्रिपुरी. सागर विद्यापीठाच्या वतीने मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ मध्ये येथे उत्खनन केले आणि कलचुरींच्याही कितीतरी शतके आधीपासूनच्या वस्तीचे थर प्रकाशात आणले. तेथून पुढे नर्मदेच्या काठी भेडाघाट. संगमरवरी कड्यांमधून वाहणारे पात्र आणि धुवांधार धबधबा यांसाठी आज हे स्थळ प्रसिद्ध आहे. योगिनींचे मंदिर मात्र नदीकाठच्या टेकडीच्या माथ्यावर आहे आणि तेथे पायऱ्या चढूनच जावे लागते.

पायऱ्या संपल्यावर अभ्यागताच्या समोर येते ती एक वर्तुळाकार भिंत. शिखर नाही, उंच जोते नाही, दर्शनी बाजू म्हणावी असे काही नाही. आत शिरल्यावर मोकळे, वरून उघडे अंगण आणि त्याच्या कडेने फिरत गेलेल्या ओवऱ्यांची रांग दिसते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या वर्षांच्या आपल्या अहवालात या वास्तूची मोजमापे दिली आहेत. त्यांच्यानुसार वर्तुळाचा आतील व्यास सुमारे ११६ फूट आणि बाहेरील सुमारे १३१ फूट आहे. अंगणाकडील बाजूस चौकोनी खांब आहेत. त्यांनी पाडलेल्या ८४ गाळ्यांपैकी ३ प्रवेशासाठी मोकळे सोडलेले असून उरलेल्या ८१ गाळ्यांत मूर्तींसाठी जागा केलेली आहे. ओवरीला सपाट दगडी छत आहे. अंगणाला छत नाही.

हिंदू मंदिराची सामान्य रचना अक्षावर उभी असते. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ, गर्भगृह असा भाविकाचा प्रवास ठरलेला असतो. उजेडाकडून अंधाराकडे, अनेकाकडून एकाकडे तो जातो. भेडाघाटच्या वर्तुळाला असा क्रम नाही. कोणत्या योगिनीपासून पाहण्यास आरंभ करावा हे वास्तू सांगत नाही. पाहणारा मध्यभागी उभा राहिला, तर तो सर्व मूर्तींच्या दृष्टिक्षेपात येतो. म्हणजे येथे पाहणे आणि पाहिले जाणे या क्रियांची नेहमीची दिशा उलटते.

योगिनींची अशी उघडी मंदिरे भारतात मोजकीच आहेत. ओडिशातील हिरापूर आणि राणीपूर-झरियाल, मुरैना जिल्ह्यातील मितावली ही वर्तुळाकार. खजुराहोचे मात्र आयताकृती. हिरापूरचे वर्तुळ अगदी लहान, सुमारे २५ फूट व्यासाचे. मूर्तीही छोट्या आणि उभ्या. भेडाघाटच्या योगिनी याउलट आसनस्थ, मनुष्याकृतीच्या जवळ जाणाऱ्या, मुकुट-हार-मेखलांनी मढलेल्या, पाठीमागे प्रभावळ आणि बाजूला परिवार असलेल्या आहेत. आज त्यांतील बहुतेक भग्न आहेत. हात, चेहरे, स्तन तुटलेले आहेत. तरीही त्यांच्या बसण्यातील ऐट कायम आहे. त्या कोणा देवाच्या परिवारातील दासी नव्हेत. प्रत्येकीला स्वतःची बैठक आणि बहुतेकींना स्वतःचे वाहन आहे.

येथील सर्वच मूर्ती मात्र एका काळाच्या नाहीत. जांभळट वालुकाश्मातील काही नृत्यरत स्त्रीमूर्ती शैलीने व दगडाने वेगळ्या असून त्यांच्यावर नावे कोरलेली नाहीत, हे कनिंगहॅम यांनीच नोंदविले होते. आसनस्थ योगिनींचा काळ अक्षरवटिका व शैली यांवरून दहाव्या शतकाचा उत्तरार्ध ते अकराव्याचा आरंभ असा धरला जातो.

३

'चौसष्ट योगिनी' हे नाव आणि ८१ कोष्ठे यांतील विसंगती पहिल्यापासून अभ्यासकांच्या लक्षात आली होती. विद्या दहेजिया यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात तिचा उलगडा श्रीमतोत्तरतंत्रातील ८१ योगिनींच्या चक्राच्या आधारे केला. नऊ मातृका आणि प्रत्येकीच्या गणात नऊ योगिनी अशी ही रचना असून राज्यलाभाची इच्छा धरणाऱ्याने तिची उपासना करावी, असा तिचा संकेत आहे. त्यामुळे या वास्तूमागे राजाश्रय असावा, हा तर्क सबळ होतो. तथापि येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बैठकींवर कोणत्याही राजाचे नाव नाही. दाता नाही, शिल्पी नाही, संवत्सर नाही. आहे ती केवळ 'श्री' आणि तिच्यापुढे योगिनीचे नाव.

ही नावे एकत्र वाचली म्हणजे त्यांत निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले थर दिसू लागतात. पहिला थर सुपरिचित मातृकांचा : ब्रह्माणी, माहेश्वरी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी. या पुराणांतून सर्वत्र पोचलेल्या आहेत. दुसरा नद्यांचा : जाह्नवी, यमुना. टेकडीखालून नर्मदा वाहत असताना वर्तुळात गंगा आणि यमुना देवीरूपाने बसलेल्या असाव्यात, हे अर्थपूर्ण आहे. तिसरा थर कर्मावरून किंवा रूपावरून पडलेल्या नावांचा : इंद्रजाली, सर्वतोमुखी, अंतकारी, दर्पहारी, भीषणी, फणेंद्री. ही नावे व्याकरणाने पारदर्शक आहेत. ती ऐकताच अर्थ कळतो आणि त्या अर्थात भय आहे. चौथ्या थरात अन्य परंपरांतही आढळणारी नावे येतात. 'गांधारी' हे नाव जैनांच्या सोळा विद्यादेवींच्या यादीतही येते, आणि महाभारताच्या वाचकाला तर ते सर्वस्वी वेगळी स्मृती देते.

पाचवा थर सर्वांत महत्त्वाचा आहे. तेरम्वा, ऐंगिनी, एरुडी यांसारखी नावे संस्कृत व्युत्पत्तीला सहजासहजी वश होत नाहीत. ज्या मूर्तीखाली 'तेरम्वा' कोरलेले आहे, ती मूर्तिलक्षणांनी महिषासुरमर्दिनी आहे. ज्या हत्तीच्या मुखाच्या देवीला पंडित वैनायकी किंवा गणेशानी म्हणतील, तिच्या बैठकीवर 'ऐंगिनी' असे आहे. म्हणजे ज्या देवतेला संस्कृतात प्रतिष्ठित नाव उपलब्ध होते, तिच्यासाठीही कोरणाऱ्याने, किंवा कोरविणाऱ्या आचार्याने, ते वापरलेले नाही. हे अज्ञानाने घडले असे म्हणता येत नाही. कारण शेजारच्याच बैठकींवर शुद्ध संस्कृत नावे आहेत. त्या देवीची ओळख ज्या नावाने होती, ते नाव लिहिणे अधिक आवश्यक वाटले, एवढाच याचा अर्थ.

उपासनेच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. तांत्रिक साधनेत नाव हे वर्णन नसते. ते आवाहनाचे साधन असते. नावात बदल केला तर देवता येत नाही. म्हणून प्रतिशब्द चालत नाही. प्रशस्तिकाव्याचा सारा डोलारा मात्र प्रतिशब्दांवर उभा असतो. शिवाला इंदुमौली म्हणावे, चंद्रशेखर म्हणावे, गंगाधर म्हणावे. वृत्त आणि अलंकार यांची सोय पाहून नाव निवडावे. या दोन लेखनपद्धतींत नामाविषयीच्या दोन भिन्न भूमिका आहेत. एकीत नाव हा पर्यायांमधून केलेला निवाडा आहे, दुसरीत नावाला पर्यायच नाही. 'कामदा' या योगिनीच्या बैठकीवर योनिपूजेचे दृश्य कोरलेले आहे. तेथे नाव, मूर्ती आणि विधी हे तिन्ही एकाच दगडात आले आहेत. कोणत्याही प्रशस्तीत हे दृश्य शब्दांत येणे संभवत नव्हते.

४

आता त्रिपुरीच्या दरबाराकडे वळावे. राजशेखर हा यायावर कुळातला. आपला पणजा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवितो. त्याच्याच पूर्वजांपैकी सुरानंद हा कवी चेदी देशात गाजला. नद्यांमध्ये नर्मदा, राजांमध्ये रणविग्रह आणि कवींमध्ये सुरानंद ही चेदीमंडळाची भूषणे, अशा आशयाचा श्लोक राजशेखराच्या नावावर आहे. कनौजच्या प्रतीहारांच्या सभेत कीर्ती मिळविलेला राजशेखर पुढे त्रिपुरीला आला आणि त्याची 'विद्धशालभंजिका' ही नाटिका पहिल्या युवराजदेवाच्या सभेसाठी रंगभूमीवर आली. या नाटिकेतील पयोष्णीकाठच्या युद्धाच्या उल्लेखाचा संबंध वासुदेव विष्णु मिराशी यांनी राष्ट्रकूटांच्या वारसाकलहात युवराजदेवाने केलेल्या हस्तक्षेपाशी जोडला आहे. अशा रीतीने महाराष्ट्रीय कुळातला कवी, विदर्भातील नदी आणि नर्मदाकाठची राजसभा हे एका नाट्यकृतीत एकत्र येतात.

योगिनींचे वर्तुळ पहिल्या युवराजदेवानंतर काही दशकांनी सिद्ध झाले असावे. त्यामुळे राजशेखराने ते पाहिले, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या वातावरणातून ते उभे राहिले त्याची खूण त्याच्या कृतींत आहे. 'कर्पूरमंजरी' या संपूर्ण प्राकृत सट्टकात भैरवानंद नावाचा कौल साधक येतो. तो मद्यमांसाची भलामण करतो, मोक्षाची खिल्ली उडवितो आणि प्रेक्षकांना हसवितो. तथापि त्याची शक्ती खोटी नाही. तो मंत्रबळाने दक्षिणेतील वच्छोम नगरीतून, म्हणजे वत्सगुल्मातून, आजच्या वाशीमहून, नायिकेला राजासमोर आणून उभी करतो. दरबारी साहित्याने कौलमार्गाचा उपयोग कसा केला, याचे हे उत्तम उदाहरण होय. साधकाचा उपहास करावयाचा आणि त्याच्या सिद्धीवर कथानक चालवावयाचे. स्त्री येथे आवाहनाचा विषय आहे. आवाहन करणारा पुरुष आणि तिचा स्वीकार करणारा राजा.

'विद्धशालभंजिके'त हीच मांडणी शिल्पाच्या संदर्भात दिसते. राजा विद्याधरमल्ल याला स्वप्नात दिसलेली युवती नंतर क्रीडागृहातील कोरीव पुतळीच्या रूपाने भेटते. दगडातील स्त्रीला अर्थ येतो तो राजाच्या दृष्टीमुळे; ती कोण हे राजाच्या अभिलाषेने ठरते आणि तिचे खरे नाव व कूळ शेवटी, विवाहाच्या सोयीने, उघड होते. तेवरपासून थोड्याच अंतरावरील टेकडीवर दगडातील स्त्रिया नेमक्या उलट स्थितीत बसलेल्या आहेत. त्यांना नावे आधीच आहेत. राजा अनाम आहे. एकाच राजघराण्याच्या छत्राखाली, एका शतकाच्या आतबाहेर, स्त्रीमूर्तीच्या या दोन कल्पना शेजारी शेजारी नांदल्या, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात आजवर पुरेशा गांभीर्याने मांडली गेलेली नाही.

राजशेखराचाच 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ या विचाराला आणखी एक आधार देतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दहाव्या अध्यायात आदर्श राजसभेतील बैठकव्यवस्था सांगितली आहे. उत्तरेस संस्कृत कवी आणि त्यांच्यामागे वेदज्ञ, तार्किक, वैद्य आदी विद्वान. पूर्वेस प्राकृत कवी आणि त्यांच्यामागे नट-गायक. पश्चिमेस अपभ्रंश कवी आणि त्यांच्यामागे चित्रकार, लेप्यकार, रत्ने जडविणारे, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेस भूतभाषेतील कवी. या व्यवस्थेकडे बहुधा सभेचा मनोरंजक तपशील म्हणून पाहिले जाते. वस्तुतः भाषा आणि व्यवसाय यांच्या नात्याविषयीचे ते स्पष्ट विधान आहे. हाताने आकार घडविणाऱ्यांची जागा संस्कृताच्या पाठीशी नाही, ती अपभ्रंशाच्या पाठीशी आहे. बैठकींवर 'तेरम्वा' आणि 'ऐंगिनी' ही नावे कोणत्या भाषिक परिसरातून आली असावीत, याची दिशा या पश्चिमेकडील बैठकीत सापडते. देशी भाषांचा उदय शोधताना आपण ग्रंथ शोधतो. कारागिरांनी दगडावर ठेवलेली एकेक शब्दाची नोंद आपल्या शोधाबाहेर राहते.

५

इसवी सन ११५५ मध्ये, म्हणजे कलचुरी संवत ९०७ मध्ये, भेडाघाटला आणखी एक लेखन अवतरले. गयाकर्ण राजाची विधवा राणी आल्हणदेवी हिने, पुत्र नरसिंह राज्य करीत असताना, शिवाचे मंदिर, मठ, व्याख्यानशाळा आणि उद्याने निर्माण केली व देवाच्या खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. व्यवस्था लाट देशातील परंपरेचा पाशुपत आचार्य रुद्रराशी याच्याकडे सोपविली. प्रशस्तीचा कर्ता धरणीधराचा पुत्र शशिधर, आणि वास्तूचा सूत्रधार पीथे. राणी मेवाडच्या गुहिल विजयसिंहाची कन्या आणि माळव्याच्या परमार उदयादित्याची नात होती. त्यामुळे प्रशस्तीत कलचुरी वंशाबरोबर तिच्या माहेरचे आणि आजोळचेही गुणगान आहे. तीन राजकुळे एका स्त्रीच्या नावाने एकत्र गुंफणारी ही रचना स्त्रीदातृत्वाच्या इतिहासात महत्त्वाची ठरते.

लेखात शिवाला इंदुमौली म्हटले आहे आणि देवाचे नाव वैद्यनाथ असावे असे दिसते. वर्तुळाच्या अंगणात आज उभे असलेले गौरीशंकराचे मंदिर या दानाशी जोडले जाते. त्यातील मूर्तीत शिव-पार्वती नंदीवर आरूढ आहेत. हा संबंध मान्य केला, तर आल्हणदेवीच्या बांधकामाने उघड्या वर्तुळाला एक केंद्र, एक गर्भगृह आणि एक दांपत्य मिळाले असे होते. योगिनींचे वर्तुळ, जे स्वतःच मंदिर होते, ते आता दुसऱ्या मंदिराची प्रदक्षिणा-ओवरी झाले.

प्रशस्तीत या योगिनींचा उल्लेख नाही. शिव, गणपती, सरस्वती यांना वंदन आहे. राजांचे पराक्रम आहेत. देवालय, मठ आणि व्याख्यानशाळा यांचे श्रेय आहे. पण ज्या वर्तुळाने त्या टेकडीला तिचा आकार दिला, ते वर्तुळ नाही. केवळ प्रशस्ती हाती असलेल्या वाचकाला येथे ८१ देवी बसल्या आहेत याची कल्पनाही येणार नाही. हे मौन वैराचे आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मूर्ती हटविल्या गेल्या नाहीत, नावे पुसली गेली नाहीत. हे मौन वाङ्मयप्रकाराचे आहे. प्रशस्तीच्या परिभाषेत वंश बसतो, विजय बसतो, दान बसते. कोणाची पत्नी वा माता नसलेल्या, वंशावळीबाहेरच्या देवींसाठी तिच्यात जागा नसते. आणि तरीही ही प्रशस्ती एका स्त्रीची आहे, हे विसरता येत नाही. राणीला शब्दांत प्रतिष्ठा मिळाली ती कन्या, पत्नी आणि माता या नात्यांनी. योगिनींची प्रतिष्ठा नात्यांवाचून होती, म्हणूनच ती शब्दांत मावली नाही.

६

या दोन लेखनांचे पुढील प्रवासही बोलके आहेत. आल्हणदेवीची शिला एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाच्या हाती आली आणि अमेरिकेतील न्यू हेवन येथे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली. पुढे कीलहॉर्न यांनी तिचे संपादन केले ते तिचे मूळ स्थान मागे पडल्यानंतर. त्याच वंशाचा बिल्हारी येथील शिलालेखही आपल्या गावी राहिला नाही. तो नागपूरच्या संग्रहालयात आला. या लेखात युवराजदेवाची चालुक्यवंशीय राणी नोहला हिच्या शिवालयाचे वर्णन असून, शेवटी राजशेखर कवीनेही विस्मित होऊन या रचनेची स्तुती करावी, असा अभिमान व्यक्त केलेला आहे. १८६१ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे कलचुरींचा अभ्यास मराठी विद्वानांच्या वाट्याला आला हे नैसर्गिकच होते. नागपूरला अध्यापन करणाऱ्या मिराशी यांनी १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेला कलचुरी-चेदी संवतातील लेखांचा संग्रह हे या अभ्यासाचे अधिष्ठान आहे. या संवताचा आरंभ त्यांनी नाशिकच्या लेण्यातील शिलालेखामुळे ज्ञात असलेल्या आभीर ईश्वरसेनाशी जोडला. म्हणजे राणीच्या शिलेवरील कालगणनाही पश्चिमेकडून नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात आली, असे त्यांच्या मताने होते.

भेडाघाटला 'गोलकी मठ' म्हणण्याची प्रथाही या शिलालेखकेंद्री वाचनातून आली. आंध्रातील मल्कापुरम् येथील इसवी सन १२६१ च्या काकतीय लेखात, डाहल मंडलातील सद्भावशंभू या शैवाचार्याला कलचुरी युवराजदेवाने तीन लक्ष ग्रामे दिली आणि त्याने गोलकी मठ स्थापिला, अशी परंपरा नमूद आहे. गोलकी म्हणजे गोल, गोल म्हणजे भेडाघाटचे वर्तुळ, असे समीकरण मिराशी यांनी मांडले. अन्य अभ्यासकांनी हा मठ रेवा भागातील गुर्गी येथे असल्याचे प्रतिपादन केले. वादाचा निर्णय काहीही होवो, त्याची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. शेकडो कोसांवरील शिलेवर कोरलेल्या एका शब्दात वर्तुळाची ओळख शोधली गेली, आणि वर्तुळातच कोरलेल्या अनेक शब्दांकडे नामसूची म्हणून पाहिले गेले.

७

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या नामसूचीचे आणखी एक कारणाने महत्त्व वाटावे. 'कौलज्ञाननिर्णय' हा ग्रंथ मत्स्येंद्राच्या नावाने प्रसिद्ध आहे. नेपाळमधील हस्तलिखिताच्या आधारे प्रबोधचंद्र बागची यांनी तो १९३४ मध्ये संपादित केला. त्यात योगिनीकौल मताचा निर्देश असून हे ज्ञान कामरूपात घरोघरी योगिनींजवळ आहे, असे सांगितले आहे. म्हणजे या परंपरेत योगिनी ही ज्ञानाची धारणकर्ती आहे. आचार्य तिच्याकडून घेतो. इसवी सन १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्ञानदेवांनी सांगितलेल्या गुरुपरंपरेतही मत्स्येंद्र येतो, परंतु तेथे ज्ञान शिवाने पार्वतीला सांगितलेले आहे आणि मत्स्येंद्राने ते ऐकलेले आहे. पुढे १८१९ च्या 'नवनाथ भक्तिसारा'त मत्स्येंद्र स्त्रीराज्यात गुंतून पडतो आणि गोरक्ष त्याला तेथून सोडवितो. ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्या स्त्रिया, ज्यांच्यापासून गुरूला सोडवावयाचे त्या स्त्रिया झाल्या.

हा बदल नाथपरंपरेच्या अंतर्गत शुद्धीकरणाचा भाग म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. भेडाघाट आणि मराठी नाथकथा यांत प्रत्यक्ष दुवा जोडण्याची आवश्यकता नाही. साम्य आहे ते प्रक्रियेत. नर्मदाकाठी वर्तुळाच्या अंगणात गर्भगृह उभे राहिले. मराठीत योगिनींच्या ज्ञानाभोवती गुरुमुक्तीची कथा उभी राहिली. दोन्ही ठिकाणी जुने नष्ट केले गेले नाही, त्याची जागा बदलली. मध्यवर्ती होते ते परिघावर गेले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीमंदिराच्या बाह्य भिंतीवरील ज्या स्त्रीमूर्तींना चौसष्ट योगिनी म्हणून ओळखले जाते, त्यांचे स्थानही हेच सुचविते : योगिनी आहेत, पण भिंतीच्या बाहेर.

८

तौलनिक साहित्याभ्यासात संहिता म्हणजे कर्ता, आरंभ आणि शेवट असलेली रचना, ही समजूत अद्याप दृढ आहे. भेडाघाटच्या बैठकींवरील लेखनाला कर्ता नाही, क्रम नाही, वाक्य नाही. क्रियापदावाचून ते कोणतेही विधान करीत नाही. म्हणूनच ते कोणाची स्तुतीही करीत नाही. त्याची एकमेव रचना म्हणजे वर्तुळ, आणि ती रचना वास्तूवाचून कागदावर उतरविता येत नाही. यादी करून छापली, की तिला पहिले आणि शेवटचे नाव प्राप्त होते आणि तिचे स्वरूपच बदलते. कनिंगहॅमपासून पुढच्या सर्व सूचींनी उपकार केले आहेतच. परंतु त्या सूचींत वर्तुळाची रेषा झाली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

शिल्पाकडे साहित्याचे चित्ररूप स्पष्टीकरण म्हणून पाहणे आणि शिलालेखाला वास्तूचा अंतिम भाष्यकार मानणे, या दोन्ही सवयी येथे अपुऱ्या पडतात. राजशेखराच्या नाटिका, आल्हणदेवीची प्रशस्ती आणि योगिनींची नावे ही एकाच भूमीतली तीन लेखने एकमेकांची पूर्ती करीत नाहीत. प्रत्येक लेखन दुसऱ्याने वगळलेल्या गोष्टीची जाणीव करून देते. तुलना करावयाची ती या वगळण्याची. बिल्हारीची शिला नागपूरला गेली, राणीची शिला समुद्रापार गेली आणि दोन्ही ग्रंथांत सुरक्षित झाल्या, कारण त्यांतील शब्द त्यांच्या स्थळापासून सुटे करता येत होते. योगिनींच्या बैठकींवरील नावांना ती सोय नव्हती. ती ज्या देवीची, तिच्याच पायाशी राहिली; देवीचे मस्तक गेले तरी नाव तेथेच राहिले. ते वाचावयाचे तर आजही टेकडी चढून, अंगणाकडे पाठ करून, एकेका ओवरीसमोर वाकावे लागते.